तबकडीची दुसरी बाजू

(बी. कॉम., तृतीय वर्ष, मराठी विभाग)

रेकॉर्डचा आवाज मोबाईलच्या आवाजापेक्षा गोड असतो हे सिद्ध करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. अलीकडे काळ्या तबकड्यांचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, तबकडीच्या आवाजात ऊब आहे, जिवंतपणा आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ही हौशी मंडळींची समजूत. जी खरखर ऐकू येते तिलाच ते ऊब म्हणतात. या वादात पडण्याइतका माझा कान तयार नाही, आणि खरे सांगायचे तर मला तो वाद फारसा महत्त्वाचाही वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की तबकडीचा परिणाम आपल्या कानापेक्षा आपल्या बसण्यावर अधिक होतो. गाणे तेच असते. ऐकणारा थोडा वेगळा होतो. तो कसा वेगळा होतो हे सांगावे, आणि त्या निमित्ताने आपल्या महाविद्यालयातील एका कपाटाची बाजू मांडावी, असा या लेखाचा हेतू आहे.

गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या वार्षिक साठा-पडताळणीसाठी वाणिज्य शाखेच्या आम्हा काही विद्यार्थ्यांना बोलावले होते. पुस्तके मोजून झाल्यावर आतल्या खोलीतील लोखंडी कपाट उघडले, तेव्हा त्यात ११४ एल. पी. रेकॉर्ड आणि एक रेकॉर्ड प्लेअर निघाला. नोंदवहीत त्यांची नोंद ‘श्राव्य साधने’ या सदरात होती. वर्षानुवर्षांचा घसारा वजा जाऊन त्या सर्वांची मिळून पुस्तकी किंमत एक रुपया उरली होती आणि पुढे शेरा होता : ‘राइट ऑफ करण्यास हरकत नाही.’ हिशेबाच्या दृष्टीने हा शेरा अगदी बरोबर आहे. पण घसारा यंत्राला लागतो तसा गाण्याला लागतो काय, हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. ग्रंथपाल सरांच्या परवानगीने आम्ही तो प्लेअर खडेबाजारातील एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. पट्टा आणि सुई बदलून बाराशे रुपयांच्या आत काम झाले, ते वर्गणीतून भागले. त्यानंतर दर शनिवारी तास संपले की दोन्ही विभागांचे सहा-सात जण त्या खोलीत बसू लागलो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. माझे म्हणणे जुन्या आठवणींच्या उमाळ्यातून आलेले नाही. आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर कधीच नव्हता. वडिलांच्या तरुणपणी कॅसेटी होत्या आणि माझ्या हाती आला तो थेट मोबाईल. मी ज्या काळासाठी हळहळावे असा काळ मी पाहिलेलाच नाही. त्यामुळे मी जे सांगतो ते पहिल्यांदा अनुभवलेल्या गोष्टीविषयी आहे, गमावलेल्या गोष्टीविषयी नव्हे.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा एका अर्थाने वेळेच्या मापाचा इतिहास आहे. भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये झाली. त्यांत गौहर जान गायल्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गाणारे कोण ते कळायला हवे होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या त्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ते अंगण फार लहान होते. पण त्याच अंगणात अब्दुल करीम खाँसाहेबांनी आणि बालगंधर्वांनी काय उभे केले ते आपण जाणतो. आपले भावगीत आणि चित्रपटगीत आजही तीन-चार मिनिटांच्या आसपास घुटमळते, त्यामागे त्या तबकडीने लावलेली सवय आहे.

‘अल्बम’ हा शब्दही त्याच काळातला. लांब रचना एका तबकडीवर मावत नसे, म्हणून चार-सहा तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकीत. ती वही म्हणजे अल्बम. म्हणजे तबकड्यांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थच ‘एकत्र ठेवलेल्या वस्तू’ असा होता. जून १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. आता एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. वही गेली, नाव मात्र राहिले.

आपल्या रागसंगीताला हे नवे माप मिळाले याचा एक सुंदर दाखला १९५५ चा आहे. त्या वर्षी अमेरिकेत अली अकबर खाँ यांची ‘म्युझिक ऑफ इंडिया : मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज’ ही एल. पी. निघाली. आरंभी व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांनी श्रोत्यांना चार शब्द सांगून ओळख करून दिली आहे. सरोदवर दोन राग, सिंधुभैरवी आणि पिलू. एकेका बाजूला एकेक. नावातच सकाळ आणि संध्याकाळ आहे. या दोन प्रहरांच्या मध्ये काय आहे, तर ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटण्याचा क्षण. आपल्याकडे रागांना वेळ असते, हे शाळेपासून ऐकत आलो होतो. पण दिवसाला जशी दुपार ओलांडावी लागते तशी तबकडीलाही एक कड ओलांडावी लागते, हे पाहिल्यावर ते वाक्य मला पटले.

हीच कल्पना पुढे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत फुलली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या या एल. पी.त शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस रागांतून उभा करावा अशी योजना. अहीर भैरव व नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि पहाडी असा क्रम. म्हणजे पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्र. तिची निर्मिती करणारे जी. एन. जोशी मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक, आणि पुढे अनेक वर्षे एच. एम. व्ही.त ध्वनिमुद्रणाचे अधिकारी. पिलू संपला की पहिली बाजू संपते. संध्याकाळ हवी असेल तर उठून तबकडी उलटावी लागते. मोबाईलवर हेच राग मी आधी ऐकले होते, पण सुटे सुटे; कधी देस, कधी पहाडी, मध्ये एखादी जाहिरात. त्यात मेंढपाळ होता हेच मला ठाऊक नव्हते. पाच वस्तू ‘एकत्र ठेवलेल्या’ आहेत आणि त्यांना क्रम आहे, हे कळायला तबकडी कामी आली.

क्रमाचा हा आग्रह केवळ जुन्या लोकांचा आहे असे समजू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅडेल या इंग्लिश गायिकेचा अल्बम निघाला, तेव्हा तिच्या मागणीवरून स्पॉटिफायने अल्बमची गाणी आपोआप उलटसुलट क्रमाने वाजवणारे बटण पुढून काढून टाकले. गाणी ज्या क्रमाने मांडली त्याच क्रमाने ती ऐकली जावीत, एवढेच तिचे म्हणणे. तबकडीवर जी गोष्ट आपोआप घडत होती ती घडवून आणायला एका जगप्रसिद्ध गायिकेला मागणी करावी लागली, याचा विचार व्हावा.

आता थोडे तबकडीच्या अंगाकडे पाहू. हिशेबाची सवय असल्यामुळे मी एका शनिवारी पट्टी घेऊन बसलो. एका बाजूला बावीस मिनिटे धरली तर सुमारे ७३३ फेरे होतात. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. सरासरी घेर ६५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे एका बाजूवरील खाच उलगडून सरळ केली तर ती जवळजवळ पावणेपाचशे मीटर भरेल. एवढे अंतर सुई चालते. पण ती सारख्या वेगाने चालत नाही. तबकडीचे फेरे ठरलेले असल्यामुळे कडेजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर मध्याजवळ जेमतेम २० ते २२. तेवढ्याच स्वरांना आत निम्म्याहून कमी जागा मिळते. साहजिकच बारीक तपशील तिथे दाटतात आणि आवाज किंचित फाटू शकतो. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रकांना हे ठाऊक होते, म्हणून बाजूच्या शेवटी ते पुष्कळदा एखादे शांत गाणे ठेवीत.

आपल्या ख्यालाला ही सोय नाही. ख्याल विलंबितापासून चढत जातो. गवई द्रुत लयीत येतो, तानांचा वर्षाव करतो, तेव्हाच सुई सर्वांत अडचणीच्या जागी पोचलेली असते. म्हणजे जिथे गाण्याचे शिखर, तिथे तबकडीची अरुंद गल्ली. कपाटातील जुन्या तबकड्यांवर हे ऐकू येते. शेवटच्या तानांच्या कडा खडबडीत लागतात. आवाजाच्या दृष्टीने हा उघड दोष आहे आणि तो मी झाकू इच्छित नाही. पण त्यातून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. तबकडीवर गाण्याला जागा असते. आलाप कुठे आहे, द्रुत कुठे आहे, ते डोळ्यांना दिसते. दोन रचनांमधील गुळगुळीत पट्टा दिसतो. खाचांचा पोत निरखून पाहिला तर जोरकस भाग आणि संथ भाग वेगळे ओळखता येतात. सुई मध्याकडे निघाली की खोलीतील सर्वांना एकाच वेळी कळते, आता समेवर येऊन संपणार. कोणी न सांगता माना सरळ होतात.

मोबाईलच्या पडद्यावरही रेघ सरकते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ती रेघ बोटाने ओढता येते, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथेच आहे. अर्थशास्त्रात व्यवहाराचा खर्च अशी एक कल्पना आहे. वस्तूच्या किमतीखेरीज ती मिळवायला, बदलायला, सोडायला जो त्रास पडतो तोही खर्चच. मोबाईलवर एक गाणे सोडून दुसऱ्याकडे जाण्याचा खर्च शून्य आहे. तबकडीवर उठावे लागते, हात स्थिर ठेवून दांडी उचलावी लागते, ओरखडा पडेल ही धास्ती असते. खर्च थोडासाच, पण आहे. आणि तेवढ्याशा खर्चाने वागणूक बदलते. सोडण्याचा खर्च शून्य असला म्हणजे गाण्याला दर क्षणी आपले समर्थन करावे लागते. पहिल्या अर्ध्या मिनिटात मन धरले नाही तर ते गेले. सोडायला थोडे कष्ट पडत असले म्हणजे आपण म्हणतो, ‘असू दे, पाहू पुढे काय होते ते.’ हे ‘असू दे’ फार मोलाचे आहे. शनिवारी एकदा भीमसेन जोशी यांचा शुद्ध कल्याण लावला होता. पहिली पाच-सहा मिनिटे मला काहीच लागत नव्हते. मोबाईल असता तर मी केव्हाच पुढे गेलो असतो. पण सातजणांच्या देखत उठून सुई उचलायची कोणी? बसून राहिलो. आणि कुठेतरी नवव्या-दहाव्या मिनिटाला तो षड्ज असा भरून आला की आधीचे सारे कशासाठी होते ते एकदम उलगडले. मध्याची वाट न चालता त्या जागी नुसते बोट ठेवले असते तर तिथे काहीही सापडले नसते.

व्यापाराची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. स्पॉटिफायवर एखादे गाणे किमान ३० सेकंद वाजले की ते ‘ऐकले’ असे मोजतात, आणि अशा मोजणीवर पैसे वाटले जातात. बावीस मिनिटांचा ख्याल पुरा ऐकला तरी मोजणी एक आणि अडीच मिनिटांचे गाणे ऐकले तरी एक. मग बनवणाऱ्याने काय बनवावे? लहान गाणे, आणि तेही पहिल्या अर्ध्या मिनिटात झडप घालणारे. तीस सेकंदांत आपल्याकडे तानपुऱ्याची जवारी कानात भरत नाही, मग षड्ज तर दूरच. एल. पी.चा हिशेब वेगळा होता. पैसे दुकानातच चुकते झालेले असत. ग्राहकाने ती शंभर वेळा ऐकली काय किंवा एकदा, कलाकाराच्या मिळकतीत फरक पडत नसे. त्यामुळे कलाकाराला पहिल्या क्षणाला धावाधाव करण्याचे कारण नव्हते. आणि ग्राहकाने पदरचे पैसे मोजलेले असल्यामुळे वस्तू वसूल करण्यासाठी तरी तो पुन्हा पुन्हा ऐके. पहिल्यांदा न कळलेले चौथ्यांदा कळे. माप बदलले की माल बदलतो हा बाजाराचा नियम आहे. तो संगीताला लागू नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हा श्रीमंती चोचला आहे. नवी एल. पी. आज दोन-तीन हजार रुपयांना मिळते. खानापूर तालुक्यातून पहाटेच्या बसने येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी एल. पी. विकत घ्यायला सांगू लागला तर त्याची गणना शहाण्यांत होणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले, असे १९८६ नंतर प्रथमच घडले. पण त्या लाटेत पुष्कळ तबकड्या भिंतीवर शोभेला लागतात हेही खरे. शोभेच्या तबकडीशी मला कर्तव्य नाही. मी बोलतो आहे ते आधीच विकत घेतलेल्या, सर्वांच्या मालकीच्या आणि पुस्तकात एक रुपया किंमत लावलेल्या तबकड्यांविषयी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मोबाईल बाजूला ठेवून, हात न लावता, बावीस मिनिटे ऐकता येणार नाही काय? त्यासाठी काळी तबकडी कशाला? ज्याला हे जमते त्याने जरूर करावे. त्याला माझा नमस्कार. पण अभ्यास घरीही होतो, तरी आपण वाचनालयात येऊन बसतो. मन आपल्या निश्चयापेक्षा जागेचे आणि वस्तूचे अधिक मानते. ज्या यंत्रावर गाणे वाजते त्याच यंत्रावर निकाल, निरोप आणि क्रिकेटचा धावफलक येत असेल तर निश्चय किती टिकणार? रेकॉर्ड प्लेअरला गाण्याखेरीज दुसरे काही येत नाही. हा त्याचा अडाणीपणाच त्याचा गुण आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. एल. पी.ने तरी ख्यालाला न्याय कुठे दिला? मैफलीत तास-दीड तास चालणारा राग तिनेही वीस मिनिटांत कोंबला. खरे आहे. तबकडी ही मैफलीची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. धारवाड, हुबळी, मिरज, पुणे येथे आजही मैफली होतात. तिथे जाणे केव्हाही श्रेष्ठ. परंतु प्रत्येक माध्यम काही ना काही कापणारच. प्रश्न एवढाच की कापून उरलेले ते कशा प्रकारे ऐकवते. तबकडी गाणे कापते, पण ऐकणाऱ्याला बसवते. मोबाईल सारे काही देतो आणि ऐकणाऱ्याला उठवतो.

आपल्या भागाचा आणि तबकडीचा संबंध तर विशेष आहे. गदगच्या घरातून भीमसेन जोशी १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गाण्यासाठी पळून गेले. त्यांच्या मनात ही आग लावली ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या रेकॉर्डने, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवीत आणि जाणते थक्क होत. गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हुबळी’ असे नाव छापलेले असे. त्या तबकड्यांवरील त्यांचा कोवळा, चढा आवाज आणि पुढच्या एल. पी.वरील धीरगंभीर, घनदाट आवाज एकाच बाईंचा आहे यावर सांगितल्यावाचून विश्वास बसत नाही. तीन मिनिटांच्या तबकडीने ज्या मुलुखात मुले घर सोडून गाणे शिकायला गेली, त्या मुलुखातील एका महाविद्यालयाने ११४ तबकड्या किलोच्या भावाने घालाव्यात, हे मनाला पटत नाही.

आणखी एक अनुभव सांगतो. कपाटात भीमसेनांनी गायिलेले अभंग आहेत, तशीच पुरंदरदासांची कन्नड पदेही आहेत. अभंगांच्या वेळी आम्ही मराठी विभागाचे विद्यार्थी अर्थ सांगत होतो. पदांच्या वेळी कन्नड विभागातील मित्र सांगू लागले. मी लहानपणापासून दोन्ही भाषा बोलत आलो. पण पुरंदरदास आपल्या पदाच्या अखेरीस ‘पुरंदर विठ्ठल’ अशी मुद्रा घालतात, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. एकच आवाज, एकच विठ्ठल आणि भाषा दोन. या नियतकालिकात आपले विभागही दोन आहेत, आणि बहुतेकजण आपला विभाग वाचून अंक मिटतात. त्या खोलीत मात्र अर्धा अंक वाचून उठायची सोय नव्हती.

तेव्हा एक गंमत ध्यानात आली. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणेही. ‘पोरगा आईचे ऐकतो’ असे आपण म्हणतो. कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे ऐकणे आणि विचारणेही. दोन्ही भाषांनी एकेक गोष्ट नेमकी पकडली आहे. चांगले ऐकायचे तर आधी थोडे मुकाट्याने मानावे लागते : या क्रमाने, इतका वेळ, मध्ये न उठता. आणि नंतर विचारावे लागते : हा स्वर इथे का आला, हे पद कोणाचे, तुमच्या घरी हे कधी म्हणतात? बाजू संपते, सुई उचलली जाते, आणि तबकडी उलटण्याआधी जी दोन मिनिटे मिळतात त्यांतच आमचे सारे विचारणे झाले आहे. अखंड वाजत राहणाऱ्या यादीत या दोन मिनिटांना जागा नाही. मला तर वाटते, तबकडीची सर्वांत मोठी देणगी तिच्या दोन बाजूंमधील ही शांतताच होय.

म्हणून प्राचार्य महोदयांना, ग्रंथपाल सरांना आणि दोन्ही विभागांच्या विद्यार्थी मित्रांना माझी नम्र सूचना अशी. पहिली गोष्ट, ‘राइट ऑफ’चा शेरा निदान एक वर्ष स्थगित ठेवावा. दुसरी, या ११४ तबकड्यांची यादी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत करावी. ते काम आम्ही विनामूल्य करू. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत, कारण वजनाने त्या वाकतात. त्यासाठी कपाटात दोन फळ्या उभ्या बसवल्या की झाले. तिसरी, दर शनिवारी शेवटच्या तासानंतर एक तास ‘श्रवणतास’ म्हणून ठेवावा. एका वेळी एकच तबकडी, दोन्ही बाजू, आणि बाजू चालू असता बोलणे नाही. आळीपाळीने एक शनिवार मराठी विभागाने निवड करावी, एक कन्नड विभागाने. वर्षाला एक सुई आणि थोडी वीज एवढाच खर्च आहे. स्नेहसंमेलनात एका संध्याकाळी ध्वनिवर्धकाच्या भाड्यापोटी जातो, त्याच्या तुलनेत तो नगण्य आहे.

वर्षाच्या अखेरीस कोणीच येत नाही असे दिसले, तर खुशाल कपाट रिकामे करावे. मीच हमालीला येईन. पण कोणत्याही मालाची किंमत तो न वापरता ठरवू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले आहे. या तबकड्यांची पहिली बाजू कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी ऐकून ठेवली. दुसरी बाजू लावण्याची पाळी आता आपली आहे.